घरातलं एकच चालू लायसन

शेजारी एकमेकांकडे विळा मागतात, मोठी कढई मागतात, लग्नाला जायचं असलं तर गळ्यातली पोतसुद्धा मागतात. त्यात काही वावगं नाही. पण आंधळगावात आमच्या समोरच्या घरात सुनेचं ड्रायव्हिंग लायसन वापरलं गेलं, आणि तेही तिने नाही म्हटल्यावर. त्या सुनेबद्दल मी लिहिते आहे. तिचं नाव रुपा.

रुपा साकोलीकडची. बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आली. नवरा मनिष मोटारपंप दुरुस्त करतो. हात सोन्याचा, तोंड मुक्याचं. घरात सासू निर्मलाबाई आणि मनिषचा मोठा भाऊ भुपेंद्र, म्हणजे रुपाचा भासरा. भासऱ्याची बायको कामिनी, तिला सायकलही येत नाही. मनिषकडे फक्त मोटारसायकलचं लायसन आहे.

चार वर्षांपूर्वी बचत गटाकडून भंडाऱ्याला बायकांसाठी चारचाकी शिकवण्याचा महिनाभराचा वर्ग निघाला. आमच्या गटातून दोघी गेल्या, ललिताबाई आणि रुपा. रुपाची उंची कमी, क्लचपर्यंत पाय पोचेना. ती घरून उशी घेऊन जायची आणि पाठीशी लावून बसायची. एसटीत मांडीवर उशी घेऊन बसलेली बाई पाहून लोक विचारायचे, "दवाखान्यात कोण भरती हाये, ताई?"

भुपेंद्र चौकात सांगायचा, "आमच्या घरची बाई आता ट्रक नेते छत्तीसगडले." लोक हसायचे. लोकांना हसायला काय लागतं.

लायसन पोस्टाने आलं तेव्हा रुपाने ते देवाजवळ ठेवून हळदकुंकू वाहिलं. कार्डाच्या एका कोपऱ्यावर कुंकवाचा डाग पुष्कळ दिवस होता. मग तिला मोहाडीच्या एका शाळेत मुलींच्या व्हॅनवर काम मिळालं. अकरा मुली. सकाळी सातला ती निघते. एका मुलीला गाडी लागते, तिच्यासाठी ती लिंबू जवळ ठेवते. दीड वर्षात एकदाही कुणाच्या आईची तक्रार नाही. शाळेचा नियम कडक आहे. दर जूनमध्ये लायसनची झेरॉक्स द्यायची आणि सहीनिशी लिहून द्यायचं, की माझ्या नावावर अपघाताची नोंद नाही. नोंद असली तर व्हॅन नाही. तिच्या आधीचा ड्रायव्हर याच कारणाने गेला. म्हणून रुपा त्या कार्डाला जीव लावून होती.

आता भुपेंद्रचं सांगते. तो नाल्यांची, रस्त्यांची कामं घेतो. पांढरी मोठी गाडी आहे, काचेवर देवीचं नाव. दिवाळीनंतर भंडारा रोडवर पोलिसांनी त्याला दारू पिऊन गाडी चालवताना धरलं. कोर्टात दंड झाला आणि लायसन सहा महिन्यांसाठी निलंबित झालं. माणसाला लाज वाटावी अशी गोष्ट. हा चौकात काय म्हणाला? "सहा महिने लायसन आराम करते. मी नाही करत."

त्यावरही लोक हसले.

निलंबनातच गाडीचा इन्शुरन्स संपला. गावात चंद्रकुमारचं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि पॉलिसी, तिन्ही एकाच टेबलावर. मी तिथे माझ्या आधारकार्डाची झेरॉक्स काढायला उभी होते. भुपेंद्रने विचारलं, "लायसन बंद हाये माहं. इन्शुरन्स निघते ना बे?"

"गाडीचा निघते, भाऊ. काढताना लायसन कोण पाहते?" चंद्रकुमार म्हणाला. "अपघात झाला का मंग पाहते."

"अन् झाला त?"

"मी हावो ना." असं म्हणून चंद्रकुमार हसला. पॉलिसीच्या कागदावर छापलेलं असतं, की गाडी चालवणाऱ्याकडे चालू लायसन पाहिजे. ते मी स्वतः वाचलेलं आहे. त्या दोघांना ते माझ्याहून चांगलं माहीत होतं.

माघातला रविवार होता. दुपारी रुपा आमच्या गच्चीवर लाखोरीच्या डाळीच्या वड्या घालत होती. माझे गुडघे दुखतात म्हणून दरवर्षी तीच येते. चार वाजले असतील. गावाबाहेरच्या बोडीकडून, म्हणजे लहान तळ्याकडून, धाडकन आवाज आला. आम्ही डाळीचे हात तसेच घेऊन धावलो. भुपेंद्रची गाडी बोडीच्या पाळीच्या बांधावरून खाली उतरून चिखलात नाकावर उभी होती. तो कुणाच्या तरी सुपारीच्या, म्हणजे लग्न ठरल्याच्या कार्यक्रमातून परतत होता. ड्रायव्हरच्या दारातून तो बाहेर आला, कपाळातून रक्त, तोंडाला वास. पहिलं वाक्य काय, तर "कोनी फोटो काढू नका बे!"

देवाची कृपा, की पाळीवर त्या वेळी कोणी नव्हतं. रोज त्याच पाळीवरून बाया धुणं घेऊन जातात. हे मी पुढे कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. सगळे गाडीच्या बोनेटबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्रकुमार त्यांच्या अंगणात येऊन बसला. माझी ओसरी समोरच, मधे हाताभर रस्ता. सगळं ऐकू येतं. दोन दिवसांत कंपनीला कळवायचं होतं आणि फॉर्मवर चालकाचं नाव पाहिजे होतं. भुपेंद्रचं नाव लिहिलं असतं तर एक रुपया मिळाला नसता. घरात चारचाकीचं चालू लायसन एकच होतं.

आमच्याकडे भासरा आणि भाऊसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, एकमेकांशी बोलत नाहीत. ती त्याच्यासमोर डोक्यावर पदर घेते, तो आला की उठून आत जाते. काही घरांत हे आता सुटलं आहे. निर्मलाबाईंच्या घरी नाही. त्यामुळे रुपा तीन हातांवर दारात उभी असताना भुपेंद्र आईशी बोलत होता.

"आई, तिले सांग, नुसतं नाव लागते. दुसरं काही नाही."

निर्मलाबाई मान वळवून म्हणाल्या, "नाव लागते म्हणते तो."

रुपा म्हणाली, "आत्याबाई, त्याइले सांगा, माह्या नावावर अपघात लागला त माही व्हॅन जाईन."

"आई, तिले म्हण, गाडी घरची हाये. घराचं नुकसान ते सुनेचं नुकसान."

"त्याइले सांगा, घरची हाये त घरच्या माणसाले दारू पिऊन चालवायले कोणं सांगतलं होतं?"

हा निरोप निर्मलाबाईंनी पुढे दिला नाही. द्यायची गरजही नव्हती. रुपा आत गेली आणि आतून कडी लावली. ती नाही म्हणाली, हे अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं. मनिषने ऐकलं, चंद्रकुमारने ऐकलं, मीही ऐकलं.

तासाभराने भुपेंद्र माझ्या ओसरीवर आला. कपाळाला पट्टी. "काकू, काल रुपा तुमच्या गच्चीवर होती, हे कायले कोनाले सांगाचं?"

मी म्हणाले, "मले कोण विचारते, बाप्पा."

एवढंच म्हणाले. त्या वेळी ते उत्तर मला शहाणपणाचं वाटलं. रात्री देवाजवळ दिवा लावताना ते वाक्य पुन्हा आठवलं, पण परत घ्यायला मी त्या घरी गेले नाही.

महाशिवरात्रीच्या दिवशी सकाळी कंपनीचा माणूस आला. शाळेला सुटी, त्यामुळे रुपा घरीच. देवाजी नाव त्यांचं. तुमसरकडचे निवृत्त हवालदार, आता इन्शुरन्स कंपनीसाठी चौकशी करतात. खांद्याला पिशवी, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. अंगणात पाय ठेवण्याआधी त्यांनी खर्रा रस्त्याकडेला थुंकला आणि चूळ भरली. म्हणाले, "आज दिवस मोठा हाये." निर्मलाबाईंनी मला हाक मारून बोलावलं. परका माणूस घरात येतो, तेव्हा एखादी म्हातारी बाई बसलेली बरी दिसते, म्हणून. भुपेंद्र खुर्चीवर, चंद्रकुमार बाजेवर, मनिष खांबाला टेकून. रुपा दाराच्या आड.

घरात सगळ्यांना उपास होता. साबुदाण्याचा वास येत होता. अशा दिवशी ही माणसं खोटं बोलायला बसली होती, आणि कपाळाला भस्म लावून बसली होती.

देवाजींनी फॉर्म काढला आणि मोठ्याने वाचला. "सौ. रुपा या गाडी चालवत होत्या. अचानक बकरी आडवी आल्याने गाडी पाळीवरून उतरली. मालक श्री. भुपेंद्र बाजूच्या सीटवर बसले होते, त्यांना कपाळाला मार लागला."

मी दाराकडे पाहिलं. पदराची कड हलली. तिला हे तेव्हाच कळत होतं. फॉर्म भरून, सही करून, कंपनीकडे जाऊन परत आला होता, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

देवाजी सहज म्हणाले, "म्हणजे ताई चालवून राहिल्या होत्या, अन् भुपेंद्रभाऊ बाजूले बसून होते. दोघंच गाडीत."

चंद्रकुमारने मान डोलावली. भुपेंद्रने मान डोलावली. आणि निर्मलाबाई उसळल्या.

"काय बोलता जी तुमी! माही सून भासऱ्याच्या बाजूले बसन? दोघंच? आमी काय तसे लोक हावो का? बारा वर्स झाले, माह्या सुनेनं त्याच्या सावलीवर पाय नाही पडू देला! विचारा या काकूले!"

"आई, तू चूप राय," भुपेंद्र म्हणाला.

"काहून चूप राहू? गावात कोनी आयकलं त थुकन आपल्या तोंडावर! गाडीत सगळे असले तरी ते मांगच्या सीटवर लेकराइच्या मंदी बसते. कोणं लिवलं हे? या चंद्रकुमारनं? तुह्या घरी बसत असतीन बे बाजूबाजूले!"

चंद्रकुमारचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याने बकरीचा विचार केला होता, कपाळाच्या जखमेचा विचार केला होता. समोरच्या काचेवर आपटलं म्हणजे माणूस पुढे बसलेला पाहिजे, हेही बरोबर लिहिलं होतं. त्याच गावात जन्माला येऊन भासरा आणि भाऊसून हे त्याच्या लक्षात आलं नाही. खोटं लिहिण्याची घाई एवढी.

आणि निर्मलाबाई! पोराने दारू पिऊन गाडी पाण्यात घातली, सुनेच्या नावावर टाकली, यातलं त्यांना काही लागलं नव्हतं. दोघांना शेजारी बसवलं, तेवढं लागलं.

देवाजी हसले नाहीत. फॉर्मची घडी घालून म्हणाले, "भुपेंद्रभाऊ, जरा बाहेर जाता का? तुमच्या समोर ताई बोलणार नाही. माय म्हणते तसंच रिवाजानं करू."

भुपेंद्रला जावं लागलं. ज्या रिवाजाने रुपाचं तोंड बारा वर्षं बंद ठेवलं, त्यानेच त्याला स्वतःच्या अंगणातून उठवलं. चंद्रकुमारही चपला शोधू लागला, तर देवाजी म्हणाले, "तू बस. तुह्यावाचून कसं होईन?"

रुपा बाहेर आली. देवाजींनी फॉर्मचं शेवटचं पान तिच्यासमोर धरलं.

"ताई, ही सही तुमची?"

तिने पाहिलं. मी बाजूलाच होते, मलाही दिसत होतं. सही तिच्या सहीसारखी होती, पण अक्षर मनिषचं होतं. त्यांच्या पोरीच्या प्रगतिपत्रकावर आईची सही लागते तेव्हा रुपा व्हॅनवर असते, म्हणून तोच तिच्या नावाने करतो. हात बसलेला होता. मनिष खांबाच्या चुन्याकडे पाहत होता, अंगठ्याच्या नखाने चुना खरवडत होता.

हो म्हणाली तर व्हॅन जाते. नाही म्हणाली तर पुढचा प्रश्न, मग कोणाची?

"नाही," रुपा म्हणाली. "माही नाही."

"मंग कोणाची?"

"ते मले नका विचारू, भाऊजी. माही नाही, एवढं मी लिहून देते. त्या दिवशी मी गाडी चालवत नव्हती, हेही लिहून देते."

देवाजींनी एकदा मनिषकडे पाहिलं. जुना हवालदार, त्याला सांगायची गरज नव्हती. त्यांनी कोरा कागद दिला. तिने खाली बसून, मांडीवर परात उलटी ठेवून, तिच्यावर कागद धरून लिहिलं. चार ओळी. सही केली, तारीख घातली. देवाजींनी भुपेंद्रला आत बोलावलं. आज लिहून दावा मागे घ्या, म्हणाले, नाहीतर खोट्या सहीचा रिपोर्ट जाईल आणि मग पोलीस विचारतील. भुपेंद्रने लिहून दिलं. मागे घेतलेल्या दाव्यात चालक म्हणून कोणाचीच नोंद राहत नाही, असं देवाजींनी रुपाला जाता जाता समजावून सांगितलं, आणि रस्त्यावर जाऊन खर्ऱ्याची नवी पुडी सोडली.

गाव काय म्हणालं, तर सुनेनं घर उघडं पाडलं. निर्मलाबाईही हेच म्हणत हिंडल्या. बोलल्या स्वतः, आळ सुनेवर. भुपेंद्रने तिच्या हातचं जेवण सोडलं. दोन महिने कामिनी त्याला वेगळं वाढत होती. गाडी घराच्या बाजूला ताडपत्रीखाली पडून राहिली, आणि येणारा जाणारा ताडपत्री उचलून पाहायचा आणि रुपाच्या दाराकडे बोट दाखवायचा.

देवाजी येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी रुपा माझ्याकडे आली. "काकू, चंद्रकुमारजवळ माह्या लायसनची झेरॉक्स आली कुठून?"

तिलाच आठवलं. मागच्या वर्षी तिने स्कुटीचा इन्शुरन्स त्याच्याकडून काढला, तेव्हा दिली होती. ती परत आणायला म्हणून आम्ही दोघी त्याच्या दुकानात गेलो. चंद्रकुमारला काही झालंच नव्हतं. "घ्या ना, ताई, त्यात काय एवढं," म्हणत त्याने खण ओढला आणि रबर लावलेला गठ्ठा काढला. तो एकेक कागद उलटू लागला. सगळ्या लायसनच्याच झेरॉक्स. बायांच्या, म्हाताऱ्यांच्या, आजूबाजूच्या गावांतल्या लोकांच्या. रुपाची निघाली. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "वापरलं."

रुपाने त्याच्या हातातून अख्खा गठ्ठा घेतला. काहींच्या मागे "वापरलं" होतं. काहींच्या मागे "खाली", म्हणजे अजून रिकामं.

"अवो, ते दुसऱ्या गिऱ्हाइकांचे हायेत," चंद्रकुमार म्हणाला.

"त्याइचे हायेत म्हणूनच त्याइले देते."

"ताई, असं नसते. धंद्यात ठेवा लागते. अडीनडीले लोकच मांगते."

"अडीनडीले तुह्या बायकोचं लायसन काढ अन् ते ठेव," रुपा म्हणाली. तिला एवढं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. त्याने हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

तेवीस कागद होते. रविवारी स्कुटीवर मागे मला बसवून तिने घरोघर दिले. ललिताबाईच्या कागदावर "वापरलं" होतं. "कायसाठी वापरलं?" ललिताबाईने विचारलं. आम्हाला सांगता आलं नाही. तिने गाडी शिकल्यावर एकदाही चारचाकी चालवली नव्हती, आणि कुठल्यातरी कंपनीच्या फायलीत तिच्या हातून अपघात झालेला होता. श्रावण म्हणून एक म्हातारे होते, त्यांना दोन वर्षांपासून एका डोळ्याने दिसत नाही. त्यांच्या कागदामागे "खाली" लिहिलेलं. त्यांनी कागद डोळ्याजवळ नेला, दूर नेला आणि शिवी दिली. इतक्या दिवसांत मला त्या शिवीनेच थोडं बरं वाटलं.

परत येताना रस्त्यात मी रुपाला म्हणाले, "मनिषचं तोंड कसं पाहवते व तुले? मी असती त भाकर टाकली नसती."

तिने गाडी बाजूला घेतली. मागे वळून म्हणाली, "काकू, सही त्यानं केली, खरं हाये. मी रोज त्याले विचारते, तो रोज रडते. पण मी नाही म्हणाली, हे तवा अंगणात सगळ्याइनं आयकलं होतं. एक तरी म्हणाला का, रुपा त वड्या घालत होती? तुमीबी नाही म्हणाल्या."

तिने पुन्हा गाडी सुरू केली.

घरी येऊन हातपाय धुतले आणि कागद घेतला. लिहिलं, की त्या रविवारी दुपारी चार वाजता रुपा माझ्या गच्चीवर होती, गाडी भुपेंद्र चालवत होता, त्याला ड्रायव्हरच्या दारातून उतरताना मी डोळ्यांनी पाहिलं. सही केली. देवाजींचा फोन नंबर घेऊन त्यांना फोन लावला.

"आता कायले, काकू?" ते म्हणाले. "दावा त मांगं घेतला. राहू द्या."

जूनमध्ये रुपाने शाळेत लिहून दिलं, अपघाताची नोंद नाही. व्हॅन तिचीच आहे. माझा कागद कुणाला लागला नाही. तो पोथीत ठेवायला मला धजवेना, म्हणून लाइटच्या बिलांच्या पिशवीत ठेवला आहे.